३२०० ची रॅम टाकली, तरी आकडा २६६७ च?

भावाच्या लॅपटॉपमध्ये ८ जीबीची २६६६ वाली स्टिक होती. शेजारच्या रिकाम्या स्लॉटमध्ये ८ जीबीचीच ३२०० वाली बसवली आणि टास्क मॅनेजर उघडला, तर स्पीड २६६७. सीपीयू-झेड या हार्डवेअरची माहिती दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये तर चक्क १३३३. भावाचा चेहरा पडला. “दादा, दुकानदाराने गंडवलं आपल्याला.”

गंडवलं कुणीच नव्हतं. डीडीआर रॅम घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा डेटा पाठवते. सीपीयू-झेड ठोके मोजतं, टास्क मॅनेजर डेटाच्या खेपा; दोन्ही सेकंदाला किती दशलक्ष, ते. १३३३ दुणे २६६६; २६६७ म्हणजे तेच, फक्त अपूर्णांक वर ओढलेला. आणि दोन स्टिक जोडीने लावल्या की दोघी धिम्या स्टिकच्या चालीने चालतात. शिवाय त्याचा प्रोसेसर आय५-९३००एच, ज्याची डीडीआर४ (डीडीआरची चौथी पिढी) ची मर्यादाच २६६६. दोन्ही स्टिक ३२०० च्या घेतल्या असत्या तरी आकडा हलला नसता.

मग जुनी काढून १६ जीबीची एकच ३२०० वाली घ्यावी का? माझं मत: रिकामा स्लॉट असेल तर मुळीच नको. एका चॅनलमधून, म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमधल्या एका वाटेतून, एका खेपेत ८ बाइट जातात. म्हणजे २६६६ च्या दोन स्टिक दोन चॅनलमधून सेकंदाला सुमारे ४२.६ जीबी नेऊ शकतात; ३२०० ची एकटी स्टिक, प्रोसेसरने पूर्ण वेग दिला तरी, २५.६. भावाच्या लॅपटॉपमध्ये ती २१.३ वरच अडली असती. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर हा फरक गेममध्ये लगेच जाणवतो, कारण ग्राफिक्सही याच रॅमवर जगतं. ब्राउझर आणि एक्सेलमध्ये मात्र फारसा कळणार नाही. तिथे ८ चे १६ जीबी झाले हाच खरा फायदा.

एकटी १६ ची स्टिक तेव्हाच घ्या, जेव्हा पुढे तिच्या जोडीला दुसरी टाकून ३२ करायचं नक्की असेल.

३२०० च्या स्टिकवर सीएल २२ बघून बिचकू नका. सीएल म्हणजे डेटा मागितल्यापासून तो यायला लागणारे ठोके; वेग वाढला की ठोकाच छोटा होतो. २६६६ वर सीएल १९ म्हणजे १४.२५ नॅनोसेकंद, ३२०० वर सीएल २२ म्हणजे १३.७५. अर्ध्या नॅनोसेकंदासाठी जास्त पैसे कशाला?

डेस्कटॉपवाल्यांचं गणित निराळं. तिथे ३२०० चं किट (एकत्र विकलेली स्टिकची जोडी) घेऊनही २१३३ किंवा २६६६ दिसत असेल, तर आधी बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या छापील वेगाने चालवणारी सेटिंग, चालू आहे का बघा. दुकानदाराला फोन त्यानंतर.