विद्यापीठ, केव्हीके की कृषी खातं? विस्तारात नोकरी शोधणाऱ्यांसाठी

कृषीची पदवी किंवा एम.एस्सी. हातात आहे. विद्यार्थी असताना कृषिदूत-कृषिकन्या म्हणून गावात राहिलात तेव्हाच कळलं की प्रयोगशाळेपेक्षा बांधावर आपलं मन जास्त रमतं. आता विस्तारात, म्हणजे नवं तंत्र शेतकऱ्यापर्यंत पोहोचवण्याच्या कामात, नोकरीसाठी अर्ज कुठे करायचा? पुण्यात राहणाऱ्याला ही माहिती काढणं तसं सोपं आहे. शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयाच्या आवारात राहुरी विद्यापीठाचं विभागीय विस्तार केंद्र आहे. महाराष्ट्र, गुजरात आणि गोव्यातल्या केव्हीकेंवर, म्हणजे कृषी विज्ञान केंद्रांवर, देखरेख करणारी अटारी ही संस्थाही त्याच आवारात आहे. भोसलेनगरला राज्याची कृषी परिषद, आणि राज्याचं कृषी आयुक्तालयही शहरातच. एवढं सगळं जवळ असूनही तिन्ही नोकऱ्यांत फरक काय, हे नीट सांगणारं माणूस सहसा भेटत नाही. शेवटी ज्याची जाहिरात आधी निघेल तिकडे अर्ज जातो.

माझं मत आधीच सांगते. शेतकऱ्याच्या रानात जाऊन तंत्र दाखवणं आणि ते टिकतं का हे पुढच्या हंगामात पुन्हा जाऊन बघणं, हेच काम करायचं असेल तर केव्हीकेसारखी जागा नाही. पण केव्हीके चालवणारी संस्था कोणती, हे बघितल्याशिवाय तिकडे जाऊ नये. बाकीचे दोन्ही पर्याय चांगले आहेत, फक्त ते वेगळ्या माणसांसाठी आहेत.

विद्यापीठापासून सुरुवात करू. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ सालचं. नंदुरबारपासून कोल्हापूर-सोलापूरपर्यंतचे दहा जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. विद्यापीठाचे तीन पाय म्हणजे शिक्षण, संशोधन आणि विस्तार. कागदावर तिन्ही सारखे, पण मनुष्यबळ पाहिलं तर विस्ताराचा पाय बारीक आहे. विस्तार शिक्षण विभागातला सहायक प्राध्यापक पदवीचे वर्ग घेतो, एम.एस्सी.च्या मुलांना मार्गदर्शन करतो, कृषिदूतांच्या गावभेटी करतो, शेतकरी मेळाव्याचं नियोजन बघतो, आणि त्यातच एखादा ‘अतिरिक्त कार्यभार’ही त्याच्याकडे असतो. हा शब्द विद्यापीठात इतका रुळला आहे की नेमणुकांच्या बातम्या वाचताना तो पहिल्यांदा शोधावा. निवृत्त झालेल्या माणसाच्या जागी नवा माणूस आला की शेजारच्याकडे कार्यभार सोपवला गेला, यावरून त्या केंद्राची तब्येत कळते.

पण विद्यापीठाकडे एक गोष्ट आहे जी दुसरीकडे नाही. वाण इथे जन्माला येतो आणि शिफारस इथे ठरते. राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांची संयुक्त ॲग्रेस्को, म्हणजे कृषी संशोधन आणि विकास समितीची बैठक, दरवर्षी भरते आणि तिथे मंजूर झालेली शिफारस पुढे राज्यभर शेतकऱ्यांपर्यंत जाते. शेतकरी शिफारस का नाकारतो, कोणत्या पायरीवर ती सोडून देतो, याचा अभ्यास करून ते संशोधकाला परत सांगण्यात रस असेल, तर विद्यापीठातल्या विस्ताराला पर्याय नाही. सहायक प्राध्यापक व्हायचं तर सहसा एएसआरबीची (कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळाची) नेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण हवी. विषय पदव्युत्तरला घेतलेलाच लागतो, त्यामुळे एम.एस्सी.ला प्रवेश घेतानाच हा विचार केलेला बरा. भरती मात्र वर्षानुवर्षं रेंगाळते. तिच्याच भरवशावर वयाची तिशी ओलांडू देऊ नये.

आता केव्हीके. देशातलं पहिलं कृषी विज्ञान केंद्र १९७४ मध्ये पुदुच्चेरीला सुरू झालं. आज महाराष्ट्रात पन्नास केंद्रं आहेत. पुणे जिल्ह्यात दोन: बारामतीला शारदानगरजवळ ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टचं आणि नारायणगावला ग्रामोन्नती मंडळाचं. एका केंद्राची मंजूर पदं सोळा. प्रमुख एक, विषय विशेषज्ञ सहा, कार्यक्रम सहायक तीन, बाकी कार्यालय, वाहनचालक आणि मदतनीस. म्हणजे कृषिविद्या, उद्यानविद्या, पीक संरक्षण, मृदाशास्त्र, पशुविज्ञान, गृहविज्ञान, विस्तार अशा विषयांपैकी सहा निवडलेले असतात आणि प्रत्येक विषयाला एकच माणूस. तुमच्या विषयात केंद्राच्या कार्यक्षेत्रात पडलेला प्रत्येक प्रश्न शेवटी तुमच्याच टेबलावर येतो.

काम कसं चालतं ते एका उदाहरणाने सांगते. जुन्नर-आंबेगाव-खेड पट्ट्यात रब्बी कांदा मोठा. आद्यरेषीय प्रात्यक्षिकासाठी विषय विशेषज्ञ एक गाव निवडतो, शेतकरी निवडतो, प्रत्येकाकडे एक एकर मोजून घेतो. तिथे राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाची भीमा शक्ती लावायची आणि शेजारच्या तुकड्यात शेतकऱ्याचं घरचं बी, त्याच्या नेहमीच्या पद्धतीने. रोपवाटिकेत बीजप्रक्रिया करून दाखवायची, रोपं गादीवाफ्यावर लावायला सांगायची, काढणीआधी पाणी कधी तोडायचं ते जाऊन सांगायचं. एप्रिलमध्ये दोन्हीकडचं उत्पादन तोलून लिहिलं जातं. बहुतेकांच्या मते काम इथे संपतं, पण खरी परीक्षा कांदा साठवायच्या चाळीत असते. ऑगस्टमध्ये चाळ उघडून दोन्ही ढिगांतले सडलेले, कोंब आलेले आणि वजन घटलेले कांदे वेगवेगळे काढून मोजायला जो विशेषज्ञ स्वतः जातो, त्याचा शब्द पुढच्या वर्षी गाव ऐकतं. शेतकऱ्याने साठवून ठेवलेलं बी त्याला हातात घेऊन दाखवावं, त्याच्या बायकोने ‘हे कांदे भाजीला लवकर शिजतात’ असं मधेच सांगावं, आणि तेही नोंदवहीत लिहिलं जावं, हा विस्तार. पुस्तकी नोंदीत बायकोचं ते वाक्य सहसा येत नाही, पण गृहिणीला आवडलेलं वाण गावात लवकर पसरतं, असं माझं निरीक्षण आहे.

याशिवाय शेतावरील चाचण्या, प्रशिक्षणं, माती-पाणी परीक्षण, निविष्ठांची (बियाणं, खतं वगैरे) विक्री, वर्षातून एकदा शास्त्रीय सल्लागार समितीची बैठक आणि तिच्यासमोर वर्षाचा आराखडा. प्रगती अहवाल लिहिण्यात बराच वेळ जातो. तरी तो अहवाल तुमच्याच कामाचा असतो.

आता अडचणीची बाजू, आणि ही नीट वाचा. केव्हीकेचा पगार भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या निधीतून येतो, पण तुमची नेमणूक यजमान संस्था करते. यजमान मुख्यतः तीन प्रकारचे असतात: परिषदेची स्वतःची संस्था, कृषी विद्यापीठ किंवा स्वयंसेवी संस्था. विषय विशेषज्ञाचं मूळ वेतन तिन्हीकडे स्तर १० चं, म्हणजे सुरुवात ५६,१०० रुपयांनी. पण निवृत्तीनंतरचे लाभ, काही भत्ते आणि बढतीची वाट यांत फरक पडतो. सगळ्या केंद्रांत सेवाशर्ती सारख्या असाव्यात ही कर्मचाऱ्यांची मागणी जुनी आहे आणि माझ्या मते ती पूर्णपणे रास्त आहे. एकाच जिल्ह्यात, एकाच योजनेखाली, एकाच पिकावर काम करणाऱ्या दोघांची म्हातारपणाची सोय वेगवेगळी असणं बरोबर नाही. राहुरी विद्यापीठाच्या थेट अखत्यारीत धुळे, मोहोळ, बोरगाव अशी केंद्रं आहेत. पुणे जिल्ह्यातली दोन्ही केंद्रं संस्थांची. जाहिरात हातात पडली की पदाच्या नावाआधी यजमानाचं नाव वाचायचं, ते याचसाठी.

संस्थेच्या केंद्राला दुसरी बाजूही आहे. संस्था जोमाची असेल तर सरकारी चाकोरीत वर्षं लागतील अशी कामं तिथे लवकर उभी राहतात. बारामतीचं केंद्र पाहून या: ‘कृषिक’ प्रदर्शनात जिवंत पीक प्रात्यक्षिकं असतात, आणि उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर करण्याचं काम तिथल्या ट्रस्टने हाती घेतलं आहे. पस्तिशीच्या आतल्या माणसाला असं शिकायला मिळणं मोलाचं. विषय विशेषज्ञासाठी वयाची अट सहसा ३५ वर्षांची असते, तीही विसरू नका.

कृषी खात्यातली पहिली पायरी म्हणजे कृषी सेवक: तीन वर्षं मानधनावर काम, मग नियमित नेमणूक. मानधन पूर्वी सहा हजार होतं, २०२३ मध्ये ते सोळा हजार झालं. नियमित झाल्यावरचं कृषी सहायक हे पदनाम २०२५ मध्ये बदलून सहायक कृषी अधिकारी केलं गेलं. पदविकाधारकही अर्ज करू शकतात, त्यामुळे एम.एस्सी. झालेल्याने आपल्या शिक्षणाचा उपयोग किती होणार हे स्वतःला विचारावं. वरची वाट एमपीएससीची: कृषी अधिकारी, तालुका कृषी अधिकारी, उपसंचालक. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत कृषीची मुलं मोठ्या संख्येने दिसतात ती यासाठी.

खात्यात माणूस सज्जावर असतो, म्हणजे काही गावं त्याच्या नावावर. शासनाची प्रत्येक योजना याच माणसाच्या हातून शेतकऱ्यापर्यंत जाते: महाडीबीटी पोर्टलवरचे अर्ज, ठिबक, शेततळं, फळबाग लागवड, पीक कापणी प्रयोग. अवकाळी झाला की तलाठी आणि ग्रामसेवकाबरोबर संयुक्त पंचनाम्याला जायचं. नुकसान ३३ टक्क्यांवर आहे की नाही हे ठरवताना समोर शेतकरी उभा असतो, आणि तुमच्या सहीवर त्याची मदत अवलंबून असते. ही जबाबदारी लहान नाही, आणि ती नीट पार पाडणारा माणूस गावाला किती आधार देतो हे आपल्या शहरी वाचकांना फारसं ठाऊक नसतं. मात्र एखाद्या तंत्रावर सलग दोन हंगाम काम करायला वेळ मिळेल अशी अपेक्षा इथे ठेवू नये. वर्ष योजनांच्या उद्दिष्टांवर चालतं. एक जुलैचा कृषी दिन झाला की हंगाम अंगावर येतो आणि पंचनाम्यांपर्यंत उसंत मिळत नाही.

आत्मा या कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणेतली पदं, म्हणजे तालुका आणि सहायक तंत्रज्ञान व्यवस्थापक, कंत्राटी असतात. अनुभवासाठी ठीक, मुक्कामासाठी नाहीत.

पैसे आणि बदल्या शेजारी शेजारी ठेवून बघा. विद्यापीठाचा सहायक प्राध्यापक आणि केव्हीकेचा विषय विशेषज्ञ सुरुवातीला जवळपास बरोबरीत. कृषी सेवकाची पहिली तीन वर्षं ओढाताणीची, आणि घरून आधार नसेल तर सोळा हजारांत तालुक्याच्या गावी खोली, दुचाकीचं पेट्रोल आणि जेवण भागवणं कठीण जातं. निवृत्तिवेतनासाठी १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्याच्या सेवेत आलेल्यांना अंशदायी योजना, जुनं निवृत्तिवेतन नाही. खात्यात बदली ठरलेली. विद्यापीठात दहा जिल्ह्यांत कुठेही. संस्थेच्या केव्हीकेत बदली नाही, कारण संस्थेचं केंद्र बहुतेकदा एकच. नवरा-बायको दोघेही नोकरी करत असतील तर ही बाब पगारापेक्षा मोठी ठरते. पण बदली नाही म्हणजे वर जायला जागाही कमी. सहा विशेषज्ञांवर प्रमुखाचं पद एक, आणि तेही खुल्या जाहिरातीने भरलं जातं. वीस वर्षं त्याच पदावर राहण्याची मनाची तयारी असेल तरच संस्थेचं केंद्र धरावं.

भरती निघेपर्यंत काय करायचं? पुण्यात याचं उत्तर सोपं आहे. मांजरीचं द्राक्ष संशोधन केंद्र, राजगुरुनगरचं कांदा-लसूण संचालनालय, पुण्याचं पुष्पविज्ञान संचालनालय, बारामतीजवळ माळेगावचं अजैविक ताण व्यवस्थापन संस्थान, या सगळ्या भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संस्था आहेत आणि तिथे यंग प्रोफेशनलच्या जागा वरचेवर निघतात. पदवीधराला साधारण तीस हजार, पदव्युत्तराला बेचाळीस हजार. नेमणूक वर्षभराची, काम पाहून वाढवली जाते. निवड बहुतेकदा थेट मुलाखतीने. इथे दोन वर्षं काढलेला उमेदवार केव्हीकेच्या मुलाखतीत वेगळा उठून दिसतो, कारण त्याने वाण, चाचणी आणि नोंदी स्वतः हाताळलेल्या असतात. या पदावर राहून परीक्षा देता येते, फक्त हंगामात सुट्ट्या मिळत नाहीत हे गृहीत धरा.

मुलाखतीला जाण्याआधी त्या केंद्रात एकदा साधा पाहुणा म्हणून जाऊन या. नारायणगावला वाकडेवाडीहून एसटीने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. प्रात्यक्षिक प्रक्षेत्रावर पिकांच्या पाट्या या हंगामाच्या आहेत की मागच्या, विक्री केंद्रावर शेतकरी उभे आहेत का, गेल्या वर्षभरात किती विशेषज्ञ सोडून गेले, आणि मंजूर सहापैकी आज किती भरलेले आहेत, हे विचारा. शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका. सहापैकी दोघेच असतील तर रिकाम्या जागांचं कामही तुमच्यावर येणार. ते करायची तयारी असेल तर जरूर जा, पण माहीत असून जा.

थोडक्यात कुणी कुठे जावं ते सांगते. नेट झालेली आहे, लिहिण्या-शिकवण्यात रस आहे, वाट बघता येते, त्यांनी विद्यापीठ. बी.एस्सी. किंवा पदविका आहे, घराजवळच्या गावांत राहायचं आहे, लोकांत मिसळून सरकारी काम नेटाने करायची तयारी आहे, त्यांनी कृषी सेवक, आणि अभ्यासाची तयारी असेल तर सोबत एमपीएससी. एम.एस्सी. आहे, एका विषयात खोल जायचं आहे आणि पिकाच्या मागे चाळीपर्यंत जायची सवय आहे, त्यांनी केव्हीके. त्यातही विद्यापीठाचं किंवा परिषदेचं केंद्र मिळालं तर पहिली पसंती त्याला. संस्थेचं असेल तर नेमणूक पत्रातल्या भविष्य निर्वाह निधी, उपदान (ग्रॅच्युइटी) आणि निवृत्तीच्या ओळी सही करण्याआधी वाचून घ्या आणि न कळलेली प्रत्येक ओळ लेखी विचारून घ्या.