एआरटी केंद्र : औषधे उत्तम, निगेटिव्ह जोडीदार मात्र बाकावरच

नागपुरातील एका शासकीय रुग्णालयाच्या एआरटी केंद्रात (एचआयव्हीवरील औषधोपचार केंद्रात) आम्ही पतीपत्नी काही वर्षांपासून जात आहोत. यजमान एचआयव्हीबाधित आहेत, मी नाही. त्यामुळे हा अभिप्राय मुख्यतः अशाच जोडप्यांसाठी आहे.

औषधांबाबत तक्रारीला जागा नाही. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोलुटेग्रॅव्हिर एकत्र असलेली रोजची एकच गोळी मोफत मिळते आणि प्रकृती स्थिर असल्यास एकाच वेळी अधिक महिन्यांचा साठा दिला जातो. भंडारा-गोंदियाहून पहाटेची गाडी धरून येणाऱ्यांची मजुरी त्यामुळे वाचते.

खरे मोल समुपदेशनाचे आहे. नियमित गोळ्या घेऊन रक्तातील विषाणूंचे प्रमाण दर मिलिलिटरला 200 प्रतींच्या खाली टिकून राहिले, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे समुपदेशक ताईंनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितले. युरोपातील ‘पार्टनर’ अभ्यासाच्या 2016 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत कंडोमविना संबंध ठेवणारी 888 जोडपी होती आणि उपचाराखालील जोडीदाराकडून दुसऱ्याला लागण झाल्याचे एकही उदाहरण त्यांत आढळले नाही. मूल होऊ देण्याचा विचारही डॉक्टरांच्या सल्ल्याने करता येतो, हे मला तिथेच प्रथम समजले. (सासूबाई दर दिवाळीला तोच विषय काढतात, त्यांना अर्थातच यातले काही ठाऊक नाही.)

मात्र ही भेट मी आग्रह धरल्यावर झाली. एरवी निगेटिव्ह जोडीदार म्हणजे ‘सोबत आलेल्या बाई’, त्यांनी बाकावर बसावे. माझी तपासणी पुन्हा केव्हा करावी, किंवा यजमानांच्या गोळ्यांत खंड पडला असताना संबंध आल्यास प्रतिबंधक औषध लवकरात लवकर, फार तर 72 तासांच्या आत सुरू करावे लागते, हे कोणी आपणहून सांगितले नाही. व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तातील विषाणूंच्या प्रमाणाचा, अहवाल ‘चांगला आहे’ एवढ्यावर हाती दिला जातो, वास्तविक त्या आकड्यावरच आमचे सहजीवन उभे आहे. शिवाय रांगेत पूर्ण नावाने हाक मारली जाते. 2018 पासून लागू असलेल्या एचआयव्ही कायद्याने गोपनीयता बंधनकारक केली असताना आणि नागपुरात कोपऱ्याकोपऱ्यावर ओळखीचे माणूस भेटत असताना हे अक्षम्य वाटते.

तरीही केंद्र बदलण्याचा आमचा विचार नाही. जाणाऱ्यांनी दोघांनी मिळून जावे, एकत्र समुपदेशन हवे असे स्वतःहून सांगावे आणि सोमवारची सकाळ शक्यतो टाळावी. आधी नाव न सांगता काही विचारायचे असल्यास 1097 ही राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे.