सूटखाली स्नीकर्स की फॉर्मल बूट? दोन्ही वापरून झाल्यावर

सूटवर स्नीकर्स चालतात का, असं मला बरेच जण विचारतात, कारण मला त्यांनी दोन्ही घालून कामावर जाताना पाहिलंय. चालतात. पण चालणं वेगळं आणि शोभणं वेगळं, आणि रोजच्या रोज शोभणं हे तर आणखी वेगळं. मी सव्वा वर्ष सूटखाली जवळजवळ फक्त स्नीकर्स वापरले आणि मग पुन्हा बुटांकडे वळलो. ते का, हे सांगितलं तर तुम्हाला तुमचं ठरवायला सोपं जाईल असं वाटतं.

जाळीचे, रंगीत पट्ट्यांचे, फुगीर सोलचे धावायचे बूट मी या तुलनेत धरतच नाही. ते घालून चालत ऑफिस गाठा आणि पोचल्यावर बदला. इथे स्नीकर्स म्हणजे चामड्याचे, बसके, एकरंगी. 1978 पासून स्टॅन स्मिथच्या नावाने विकला जाणारा आदिदासचा पांढरा टेनिसचा बूट या घराण्यातला सगळ्यांना माहीत असलेला. पुढे 2004 मध्ये कॉमन प्रोजेक्ट्स या ब्रँडने अकिलीस लो हा स्नीकर आणला, ज्यावर टाचेजवळच्या बारीक सोनेरी आकड्यांशिवाय काहीच खूण नाही. सूटखाली आज जे स्नीकर्स दिसतात ते बहुतेक याच वळणाचे असतात. समोरच्या पारड्यात नाडीच्या फॉर्मल बुटांपैकी मी डर्बी ठेवतोय, ऑक्सफर्ड नाही. ऑक्सफर्ड दिसायला जास्त रेखीव हे कबूल, पण डर्बीची नाडीची बाजू मोकळी उघडते, त्यामुळे ज्यांच्या पायाचा वरचा भाग उंच आहे त्यांना ती दिवसभर सोसते. माझा पाय तसाच आहे.

आता नियमांबद्दल. बऱ्याच ठिकाणी लेखी नियम उरलेलेच नाहीत. गोल्डमन सॅक्ससारख्या बँकेनेसुद्धा 2019 मध्ये सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी पोशाखाचे नियम सैल केले. कुठे काय शोभतं हे ज्याचं त्याने समजून घ्यावं आणि ग्राहकाच्या अपेक्षेचं भान ठेवावं, असा त्याचा मथितार्थ होता. ऐकायला सोपं वाटतं, पण मला तरी हे अवघड वाटतं. नियम होता तेव्हा तो पाळला की काम भागायचं. आता नियम गेला आणि बघणाऱ्याची नजर तेवढी राहिली.

त्या नजरेवर एक अभ्यासही आहे. 2014 मध्ये जर्नल ऑफ कन्झ्युमर रिसर्चमध्ये ‘रेड स्नीकर्स इफेक्ट’ या नावाने निबंध आला होता. रीत मोडून कपडे घालणाऱ्या माणसाला लोक कधी कधी वरच्या दर्जाचा समजतात, असं त्यात म्हटलं होतं. स्नीकर्सच्या बाजूने बोलणारे याचाच दाखला देतात. पण त्यातली अट ते सांगत नाहीत: बघणाऱ्याला ही रीत माहीत हवी, आणि समोरच्याने ती जाणूनबुजून मोडलीय असं त्याला वाटायला हवं. चुकून किंवा नाइलाजाने मोडलेली दिसली, तर फायदा नाही. हा ‘जाणूनबुजून’ शब्द लक्षात ठेवा, कारण माझं घोडं तिथेच अडलं.

पहिले काही आठवडे मी खरंच खूश होतो. संध्याकाळी टाचा दुखायच्या थांबल्या, जिने भराभर चढता यायला लागले, विमानतळावर धावपळ झाली तरी काही वाटेना. निळ्या सूटखाली पांढरे स्नीकर्स छान दिसायचे, दोघा-तिघांनी आपणहून तसं सांगितलंही. मला वाटलं, विषय संपला.

मग कडा मळायला लागल्या.

पांढऱ्या स्नीकरच्या सोलची जी बाहेरची रबरी कड असते, तिच्यावर सगळीकडून एक शिलाई फिरलेली असते आणि ती शिलाई एका खाचेत बसलेली असते. चामड्यावरचा डाग ओल्या फडक्याने निघतो. रबराचा सपाट भागही पुसला जातो. पण त्या खाचेत धूळ बसली की ती धाग्यात मुरते आणि बुटाभोवती एक करडी रेघ उठते. जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी घेऊन मी रोज सकाळी ती घासायला लागलो. एका बुटाला पाच मिनिटं. तरी धागा पुन्हा पहिल्यासारखा पांढरा होत नाही, मळकट पिवळा होतो. आणि घासून घराबाहेर पडलं की कुणाच्या तरी पायाचा धक्का, पायरीची कड, पावसाचा एखादा शिंतोडा, आणि दहा वाजता परत तेच.

एकदा एका महत्त्वाच्या बैठकीआधी मी स्वच्छतागृहात एक पाय बेसिनच्या कडेवर ठेवून, ओल्या कागदाने बुटाची कड पुसत उभा होतो. बैठकीत काय बोलायचं याची उजळणी करण्याची ती दहा मिनिटं होती. मी ती सोलवर घालवली. आत गेल्यावरसुद्धा पाय खुर्चीखाली ओढून बसलो आणि तासभर माझं अर्धं लक्ष तिथेच राहिलं. समोरच्यांनी पाहिलं की नाही, मला माहीत नाही. बहुधा नसेलच. पण मला माझे पाय विसरता आले नाहीत, आणि कामाच्या कपड्यांकडून माझी तेवढीच अपेक्षा आहे की एकदा अंगावर चढले की त्यांचा विसर पडावा.

इथे तो ‘जाणूनबुजून’ परत येतो. स्वच्छ पांढरा स्नीकर सूटखाली ठरवून घातलेला दिसतो. मळका तोच स्नीकर, तोच सूट, तोच माणूस, आणि आता वाटतं की याला बूट बदलायला वेळ मिळाला नाही. फॉर्मल बुटाचं असं होत नाही. काळा डर्बी धुळीने माखला तर कापडाचा हात फिरवायला अर्धं मिनिट पुरतं, टोकाला ओरखडा गेला तर पॉलिश तो भरून काढतं, आणि वर्षभरात पायाच्या वाकण्याच्या जागी ज्या सुरकुत्या पडतात त्या चांगल्या चामड्याला शोभतात. स्नीकर सगळ्यात सुंदर दिसतो तो डब्यातून काढला त्या दिवशी. तिथून त्याची उतरण सुरू होते.

मग काळे स्नीकर्स घ्या, असं तुम्ही म्हणाल. घेतले होते. काळं चामडं, काळा सोल. मळण्याचा प्रश्न मिटला हे खरं. पण लांबून बूट वाटावेत म्हणून घेतलेली वस्तू जवळ आल्यावर बूट नसते, आणि स्नीकर घालण्यातला मोकळेपणाही तिच्यात राहत नाही. धड ना हे, धड ना ते. पांढऱ्यात निदान ठामपणा आहे. गडद तपकिरी, पातळ सोलचे मिळाले तर ते बरे दिसतात, तेवढी सवलत मी देईन.

दुसरी अडचण पँटच्या मोहरीची. ही आधी कुणी सांगत नाही. फॉर्मल बूट पुढून निमुळता, टाच साधारण अडीच सेंटीमीटर; पँटची मोहरी त्यावर हलकी टेकते आणि एक छोटीशी घडी पडते. तीच पँट स्नीकरवर आणा. घोट्याभोवतीची गादी आणि फुगीर जीभ यांवर कापड अडतं आणि तिथेच गोळा होऊन बसतं. उपाय म्हणजे लांबी सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर कमी करायची आणि मोहरी अरुंद करून घ्यायची. मी एका सूटची तशी करून घेतली आणि स्नीकर्सवर ती खरोखर उत्तम बसली. पण मग त्याच पँटखाली बूट घातले की चालताना निम्मा मोजा दिसायला लागला. म्हणजे तो सूट कायमचा स्नीकर्सचा झाला. तुमच्याकडे चार-पाच सूट असतील तर हरकत नाही. दोन असतील तर विचार करा.

सूट कुठला यावरही बरंच अवलंबून आहे. मऊ खांद्याचा, अस्तर नसलेला, सुती किंवा लिननचा, वरून शिवलेल्या खिशांचा सूट स्नीकर्सना सहज सामावून घेतो. टणक खांद्याचा, गुळगुळीत लोकरीचा, त्यात टाय लावलेला असेल तर वरचा माणूस आणि खालचा माणूस वेगवेगळे दिसतात. दोन बटणपट्ट्यांच्या, म्हणजे डबल-ब्रेस्टेड कोटाखाली तर मी चुकूनही घालणार नाही.

आता बुटांची उणी बाजू, कारण तिच्यामुळेच मी एकदा त्यांना सोडलं होतं. माझे आधीचे बूट चावायचे. पण मागे वळून बघता दोष बुटांच्या जातीचा नव्हता, मापाचा होता. स्नीकर्सचा नंबर तोच फॉर्मल बुटाला लावला की बूट सहसा मोठा होतो. अर्धा किंवा एक नंबर खाली यावं लागतं. मोठा बूट म्हणून पाय पुढे सरकतो, बोटं टोकाला आपटतात आणि टाच घासते. आणि लांबीइतकीच रुंदी बघायला हवी. पाय पसरट असेल तर लांब नंबर घेऊन भागवू नका, त्याच नंबरात रुंद माप मागा. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना घालून बघा. पहिला आठवडा घरातच तास-दोन तास वापरा. एवढं केल्यावर माझी निम्म्याहून जास्त तक्रार गेली.

उरलेली तक्रार सोलची होती. चामडी सोल दिसायला देखणा, पण ओल्या गुळगुळीत फरशीवर मी दोनदा घसरता घसरता वाचलोय, आणि शांत कॉरिडॉरमध्ये त्याचा टकटक आवाज मला कधीच आवडला नाही. रबरी सोलचा डर्बी घेतल्यावर पकड आली, आवाज गेला आणि पायाला बसणारा हादरा बऱ्यापैकी कमी झाला. तेव्हा लक्षात आलं की स्नीकर्सचा जो आराम मी म्हणत होतो, त्यातला मोठा वाटा त्या रबराचा होता. तो बुटाखालीही मिळतो.

या रबराची एक गोष्ट मला फार आवडते. चार्ल्स गुडइयर यांना रबराच्या व्हल्कनायझेशनचं, म्हणजे गंधकासोबत तापवून ते पक्कं करण्याच्या कृतीचं, पेटंट 1844 मध्ये मिळालं, आणि त्या टिकाऊ रबरामुळेच पुढे स्नीकरचा सोल शक्य झाला. भारी फॉर्मल बुटांच्या शिलाईला आपण गुडइयर वेल्ट म्हणतो, तिच्यातलं गुडइयर हे नाव त्यांच्या मुलाचं. दोन्ही पारडी एकाच घरातली.

या वेल्टमुळे बुटाचा झिजलेला सोल उसवून नवा बसवता येतो, वरचं चामडं तसंच राहतं. आतल्या तळाखाली कॉर्कचा थर असतो, तो वापरून वापरून तुमच्या पायाचा आकार घेतो. माझ्या डर्बीला एकदा नवा सोल बसलाय आणि आता ती नवीन होती त्यापेक्षा आरामाची आहे. स्नीकरचा सोल झिजला की सहसा जोडच बदलावा लागतो. मात्र ‘फॉर्मल’ एवढं बघून फसू नका. चिकटवलेल्या, पीयू म्हणजे पॉलियुरेथेनच्या सोलच्या बुटांचं आयुष्यही बेताचंच. पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्याने आपोआप विरत जातं, वापरलं नाही तरी. माझा असा एक जोड डब्यात जपून ठेवलेला होता. दोन-तीन वर्षांनी काढून घातला आणि दहा पावलांत सोलचे तुकडे जमिनीवर पडले. सोल कशाचा आहे हे विचारूनच घ्या.

तरी स्नीकर्स कुणी घ्यावेत? टाचेचं किंवा गुडघ्याचं दुखणं असेल तर बिनदिक्कत घ्या आणि कुणाला कारण सांगत बसू नका. दिवसभर उभं राहायचं काम असेल, जिथे सगळेच मोकळ्या कपड्यांत येतात आणि तुम्हीच सूट घालणारे असाल, तिथेही स्नीकर्स बरे; सूटचा ताठरपणा कमी होतो. तुम्हाला आधीपासून ओळखणाऱ्या लोकांमध्येही मला अडचण दिसत नाही, कारण तुमचं काम त्यांनी पाहिलेलं असतं. पण मुलाखत, ग्राहकाची पहिली भेट, कुणाच्या पैशाचा किंवा खटल्याचा प्रश्न, वाईट बातमी सांगायला जाणं, अशा ठिकाणी मी बूटच घालीन. समोरचा आधीच काळजीत असतो, त्याला माझ्या पायांचा अर्थ लावायला कशाला लावायचं? नव्याने नोकरीला लागलेल्या मुलामुलींनाही मी, विचारलं तर, हेच सांगतो: पहिले काही आठवडे बूट घाला, तुमच्यापेक्षा दोन पायऱ्या वर असलेले लोक काय घालतात ते बघा, मग ठरवा.

एकच जोड घ्यायचा असेल तर माझ्यापुरतं उत्तर रबरी सोलची साधी डर्बी, काळी किंवा गडद तपकिरी. दुसरा जोड परवडत असेल तर तीच आणखी एक घ्या आणि एक दिवस आड घाला, म्हणजे आतला घाम सुकायला दिवस मिळतो. लाकडी साचे घालून ठेवलेत तर आकारही टिकतो. स्नीकर्स त्यानंतर, तिसऱ्या क्रमांकावर.

माझे पांढरे अजून आहेत. ज्या दिवशी कुणाला पहिल्यांदा भेटायचं नसतं, त्या दिवशी त्या आखूड केलेल्या पँटखाली ते घालतो. कडेच्या धाग्याचा रंग आता घट्ट पिवळा झालाय, आणि मी तो घासायचं सोडून दिलंय.