काळ्या रंगाच्या गोट्या: ३,८५० रुपयांची टोपी, वर साहेबांचा उपदेश

इम्पॅक्ट गनच्या, म्हणजे ठोके मारत नट फिरवणाऱ्या यंत्राच्या, गोट्या (नटावर बसणारी सॉकेटं) घ्यायला निघालात तर गोटीचा काळा रंग पुसून बघायला खिशात थिनरची छोटी बाटली आणि पांढरी चिंधी ठेवा. दुकानदाराने तोंड वाकडं केलं तर तिथूनच मागे फिरा.

अर्धा इंची चौकोनाच्या, डीप (लांब), १० ते २४ नंबरपर्यंत (नटाचं माप, मिमीत) दहा गोट्यांचा सेट. भाव ३,८५० रुपये. "पक्कं बिल हवं असेल तर १८ टक्के वर." म्हणजे ६९३ रुपये. हा डाव कोणाला ठाऊक नाही? पण गाडी जॅकवर उभी, गिऱ्हाईक डोक्यावर उभं, आणि शेजारच्या दुकानात नावाजलेला सेट दुपटीहून महाग. अशा वेळी गॅरेजवाला कच्च्या चिठ्ठीवर माल उचलतोच, आणि विकणाऱ्याला ते पक्कं माहीत असतं. चिठ्ठीवर लिहिलंय 'हार्डवेअर १ सेट'. गोटी हा शब्दसुद्धा नाही.

खरी चीड येते ती रबरी रिंगेची. गनच्या गोटीला, गनचं टोक बसतं त्या चौकोनाच्या बाजूला, बाहेरून खाच असते आणि त्या खाचेत आरपार भोक. भोकातून पिन जाते, वरून रिंग बसते, म्हणजे गोटी गनवरून उडत नाही. या सेटमध्ये प्रत्येक गोटीला खाच होती, रिंगही होती. रिंगेखाली भोक नव्हतं! पिनच जाणार नसेल तर रिंग कशाला, शोभेला? एका गोटीची रिंग नखाने उचलली असती तर खेळ तिथेच संपला असता. पण नवी कोरी, तेल लावलेली रिंग दुकानात उभं राहून उपसतो कोण? ती बसवणाऱ्याने नेमका हाच विचार केला होता.

१९ नंबरची गोटी कारच्या चाकाच्या नटावर उभी फाटली, थेट आतल्या कोपऱ्यातून. तुकडा अलॉय रिमवर बसला. रिमची दुरुस्ती २,२५० रुपये, गोल झालेला नट आणि स्टड (नट बसतो तो आट्यांचा दांडा) ४८०. सेट धरून एकूण ६,५८०. तुकडा कोणाच्या डोळ्यात गेला नाही एवढंच. गॉगल लावल्याशिवाय गन हातात घेऊच नका, गोटी कितीही भारी असो.

नंतर थिनर लावला तर काळी पापुद्री सुटली, खाली लखलखीत क्रोम आणि त्यावर कोरलेलं 'सीआर-व्ही'. म्हणजे क्रोम-व्हॅनेडियम पोलाद, हाताच्या रॅचेटची (हाताने फिरवायच्या दांड्याची) गोटी. ती कडक असते, भिंत पातळ असते. हाताच्या सावकाश जोराला उत्तम. गन मात्र पिळत नाही, हातोड्यासारखे ठोके मारते. त्याला क्रोम-मॉलिब्डेनम पोलादच लागतं: थोडं कमी कडक, जाड भिंतीचं, ठोका पचवणारं. खऱ्या गोटीचा काळेपणा सहसा फॉस्फेटच्या थराचा असतो. चिंधीला तेलाचा डाग लागेल, पापुद्रा सुटणार नाही. डीआयएन (जर्मन मानक) नंबर छापला असेल तर तोही वाचा: ३१२९ गनची, ३१२४ हाताची. अर्थात छापणारा काहीही छापतो, म्हणून भोक आधी बघायचं.

बारा कोनी गोटी गनवर नकोच, सहा कोनीच घ्या. बारा कोनी फक्त टोकांवर पकडते, नटही खाते आणि स्वतःही फुटते.

दुकानदाराचं उत्तर ठरलेलं: "तुमची गन जास्त ताकदीची आहे." अहो, अर्धा इंची गोटी अर्धा इंची गनला चालत नसेल तर कशाला चालायची? एका सरकारी हेल्पलाइनवर पहिला प्रश्न, बिल आहे का. दुसरा, माल धंद्यासाठी घेतला का. हो म्हटलं की "मग तुम्ही ग्राहक नाही." साफ खोटं! २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(७) च्या स्पष्टीकरणात लिहिलंय की स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू 'व्यापारी हेतू'त मोडत नाही. ही ओळ वाचून दाखवली तर फोन कट. पोलीस ठाण्यात "ही दिवाणी बाब आहे, आपसात मिटवा." भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ मग कशासाठी आहे? वर साहेबांचा सल्ला, "स्वस्ताच्या मागे लागू नये." अर्जाची पोच मागितली तर शिक्का मारणारा जेवायला गेलेला. डब्यावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता नाही, एमआरपी नाही, म्हणून वजनमापांच्या कार्यालयात गेलं तर "डबा सीलबंद आहे का?" फुटलेली गोटी सीलबंद कशी आणायची?

जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. पण तिथेही कागद लागतो. म्हणून ६९३ रुपये भरा, आणि बिलावर 'इम्पॅक्ट सॉकेट, क्रोम-मॉलिब्डेनम' असं लिहून घ्या. नुसतं 'सॉकेट' नको. क्यूआर कोडवर दुकानाचं नाव येतं की भलत्याचंच, ते पैसे पाठवण्याआधी बघा. इथे भलतंच होतं.

व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) असेल तर चौकोन मोजा, १२.७ मिमीला तो नीट बसायला हवा. ढिला चौकोन गनचं टोक खातो आणि ते टोक गोटीपेक्षा महाग पडतं. ट्रकच्या ३२-३३ च्या नटाला पाऊण किंवा एक इंचीची गन आणि गोटी घ्या. अर्धा इंचीला अ‍ॅडॉप्टर लावून जुगाड केला तर अ‍ॅडॉप्टरच आधी तुटतो. अलॉयसाठी प्लास्टिकचं आवरण असलेली पातळ भिंतीची गोटी मिळते, पण तीही क्रोम-मॉलिब्डेनमचीच हवी. आणि कारचा नट गनने शेवटपर्यंत आवळू नका, शेवटचा पीळ टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराइतकंच आवळणाऱ्या पान्याने) द्या.

असा सेट गळ्यात पडला असेल तर फुटलेले तुकडे टाकू नका, तारीख टाकून पिशवीत बांधा. उरलेल्या गोट्या हाताच्या रॅचेटवर चालतात. फक्त त्यांचा काळा रंग थिनरने पूर्ण उतरवा, नाहीतर घाईत कोणीतरी पोरगा त्यातलीच एक उचलून गनला लावेल.