मॅच बघायला गेलेला भाऊ

धाकट्या भावाला कतारला कामाला पाठवतो म्हणून एजंटने घेतलेले १,८५,००० रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण लोक पहिलं तेच विचारतात. १०,००० 'फाइल उघडायला', ७५,००० मेडिकल-व्हिसाला, एक लाख तिकीट हातात पडल्यावर. सगळे रोख. आईची मोहनमाळ गहाण, माझी भिशी गेली.

ऑक्टोबर २०२२. कतारला फुटबॉलचा वर्ल्डकप, स्टेडियमच्या कँटीनमध्ये काम, महिना ४५,०००. धाकटा दहावी नापास, हडपसरला केटरिंगमध्ये वाढपी. एजंटचं एसी ऑफिस, भिंतीवर फ्रेम केलेलं लायसन्स. मी काही अडाणी नाही, तेरा वर्षं कंपनीत स्टोअर सांभाळतोय. पण लायसन्सचा नंबर ई-मायग्रेटवर, म्हणजे परदेशी नोकऱ्यांच्या सरकारी वेबसाइटवर, टाकून बघायचं सुचलं नाही. तुम्ही बघा. आणि कायद्याने एजंटला ३०,००० अधिक जीएसटी, एवढेच घेता येतात. पुढचा आकडा ऐकलात की खुर्चीवरून उठा.

निघायच्या आदल्या रात्री स्वारगेटला चहा पिताना एजंट म्हणाला, "विमानतळावर विचारलं तर सांगायचं, मॅच बघायला चाललोय." हातात हय्या कार्ड दिलं. प्रेक्षकांचं कार्ड! कबड्डीपलीकडे काही न बघितलेला माझा भाऊ 'अर्जेंटिना, सौदी, पोलंड, मेक्सिको' घोकत होता आणि मी हसत होतो. हसत होतो मी! तिथेच एजंटची कॉलर धरायला हवी होती. दहावी नापासाचा पासपोर्ट ईसीआरचा, म्हणजे सरकारी तपासणी लागणारा. कतारला कामाला जायचं तर सरकारची मंजुरी लागते. प्रेक्षक म्हणून गेला की मंजुरी नको, आणि कागदावर तो कामगारही नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. दोह्यात उतरताच पासपोर्ट काढून घेतला (तिथल्या कायद्यातही हे चालत नाही). स्टेडियम दिसलंच नाही. खोलीत अकराजण, गोदामात रोज चौदा तास क्रेट धुणं, पगार शून्य. हय्यावाल्यांना २३ जानेवारीपर्यंतच राहता येत होतं. "वकिलातीत जातो" म्हणून तो ओरडला तेव्हा कुठे पासपोर्ट मिळाला. परतीचे ३१,४०० मी भरले.

मग पोलीस. एका ठाण्यात, "पैसे राजीखुशीने दिलेत, दिवाणी मॅटर आहे." दुसरीकडे, "गुन्हा कतारला घडला ना? मग तिकडेच तक्रार करा." अहो, माणूस कुठून उचलला? पुण्यातून. पैसे कुठे घेतले? पुण्यात! वकिलाने तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम ३७० वाचून दाखवलं होतं: पिळवणुकीसाठी फसवून माणूस पाठवला की ती तस्करीच, त्याच्या संमतीला किंमत नाही. साहेबांना तेच सांगितलं तर म्हणाले, "तस्करी बायकांची असते हो." चार महिने खेटे घातले. मिळाला काय, तर अर्जावर एक शिक्का. वर सल्ला, "पावती घ्यायची होती." खरंय. पावती नाही तर रुपयाही नाही, एवढं तरी माझ्याकडून शिका.

२०२६चा वर्ल्डकप अमेरिका, कॅनडा, मेक्सिकोत. परवा धाकट्याच्या फोनवर एजंटच्या त्याच नंबरवरून मेसेज आला, फोटो फक्त नवीन: 'कॅनडा, स्टेडियम केटरिंग, वीसच जागा. पासपोर्ट आणि १०,००० घेऊन या.'