ब्रश खोटा, आणि रिव्ह्यू माझा

माझे केस दाट, लाटेदार आणि हट्टी. एका हातात ड्रायर आणि दुसऱ्यात गोल ब्रश धरून ते वळवायचे, तर पुढच्या बटांपर्यंत जमतं. डोक्यामागे गेलं की तिसरा हात लागतो. गरम हवेचा ब्रश ही त्या तिसऱ्या हाताची सोय. दांड्यात पंखा आणि तापणारी तार, पुढे भोकं असलेलं अंडाकृती डोकं आणि त्यावर दाते. हवा आतून येते, दाते केस ताणून धरतात, आणि वाळवणं नि वळण देणं एकाच फेरीत उरकतं. वस्तू चांगली आहे, हे आधीच सांगते. मी फसले ते तिच्या नावाखाली घरी आलेल्या दुसऱ्याच कशाने तरी.

जाहिरात व्हिडिओची होती. ओले, गुंतलेले केस. मुलगी ब्रश मुळाशी टेकवते, टोकापर्यंत ओढते, आणि बट आरशासारखी चमकायला लागते. खाली उलटं चालणारं घड्याळ, 'शेवटचे 3 नग' आणि एका नामांकित कंपनीचं नाव. नावात एक अक्षर जास्त होतं, ते मला दिसलं कित्येक आठवड्यांनी. पान बंद करून पुन्हा उघडलं की घड्याळ पहिल्यापासून सुरू होतं, हेही तेव्हाच कळलं. पैसे कार्डाने भरले. सगळ्या प्रकरणात एवढंच शहाणपण माझ्या हातून झालं, आणि तेही ठरवून नाही.

खोका देखणा होता. आत एक छोटं कार्डही होतं: फोटोसह पाच स्टारचा रिव्ह्यू द्या, 1 वर्षाची हमी 2 वर्षांची करून मिळेल. मला ती योजना फार उदार वाटली.

पहिल्याच दिवशी केस टॉवेलने टिपले आणि थेट ब्रश लावला. दहा मिनिटं झाली तरी बट आतून ओलीच. वर चुर्र असा आवाज आणि जळक्या पिसांसारखा वास. मी त्यांच्या मदत-चॅटवर लिहिलं, 'वास येतोय, माझं काही चुकतंय का?' अर्ध्या तासात गोड उत्तर आलं: 'मॅडम, निथळत्या केसांवर वापरू नका. आधी तीन चतुर्थांश वाळू द्या.'

घोडं पेंड खातं ते इथेच. कारण हा सल्ला अगदी बरोबर होता. ओल्या केसाला एकदम जास्त उष्णता लागली, तर आतल्या पाण्याची आतच वाफ होते. तिला सहज बाहेर पडता येत नाही, आणि केसाच्या दांड्यात बारीक बुडबुडे धरतात. केस मग नेमका तिथेच मोडतो. तापलेला कर्लिंगचा चिमटा ओलसर केसांवर मिनिटभर दाबून धरला, तर 125 अंश सेल्सिअसलाही हे होऊ शकतं. मी हे शोधून वाचलं, सल्ला खरा निघाला, आणि सल्ला देणारा माणूसही खरा असणार असं धरून बसले.

पुढच्या वेळी केस बरेचसे वाळू दिले. आता ब्रश फिरवला की केस राठ होऊन पिंजारायचे. उत्तर आलं, बटा फार जाड घेताय. पातळ घेतल्या. मग उत्तर आलं, ब्रश फार भरभर ओढताय. सावकाश ओढला, तर पुन्हा तो वास. तीन दिवसांनी त्याच चॅटवर, बहुधा दुसऱ्याच कुणीतरी, लिहिलं की तुम्ही ब्रश एका जागी फार वेळ धरताय. दोन्ही उत्तरं एकाखाली एक होती. मला विसंगती दिसली नाही, कारण मी माझ्या चुका शोधत होते.

मग थंड हवेचा धडा झाला. तोही पुस्तकी खरा. केस भिजले की आतल्या केराटिन या प्रथिनातले हायड्रोजन बंध, म्हणजे केसाचा आकार धरून ठेवणारे कच्चे दुवे, सुटतात आणि वाळताना नव्या आकारात पुन्हा जुळतात. म्हणून बट ब्रशवर गुंडाळलेली असतानाच निवू द्यायची, नाहीतर वळण टिकत नाही. हेच बंध दमट हवेत पुन्हा सैल पडतात, म्हणून पावसाळी हवेत सगळी मेहनत तासाभरात वाया जाते. तर मी बटण थंड हवेवर नेलं. हवा कोमटच. पाच मिनिटांनीही कोमट. चॅटवरून सांगितलं, 'आतली उष्णता उतरायला वेळ लागतो, मॅडम.' थोडा वेळ लागतो हेही खरंच. पाच मिनिटांत मात्र उतरायला हवी, एवढा साधा विचार माझ्या डोक्यात आला नाही.

आता लाजेचा भाग. सहाव्या दिवशी मला बाहेर जायचं होतं. वेळ कमी होता, म्हणून जुन्या ड्रायरने आणि गोल ब्रशने केस नीट वाळवले, वळवले, आणि शेवटी हा नवा ब्रश वरून दोनदा फिरवला. केस छान दिसत होते. घरातल्या कुणाकडून तरी पाठमोरा फोटो काढून घेतला, हमीचं कार्ड आठवलं, आणि पाच स्टार देऊन टाकले. 'दहा मिनिटांत पार्लरसारखे केस' हे वाक्य माझं. हमीचा मोह होताच, पण त्याहून जास्त, फोटोतले केस मला आवडले होते.

त्यानंतर बेसिनमध्ये केसांचे तुकडे दिसायला लागले. गळालेला केस आणि तुटलेला केस यांत फरक असतो, तो सगळ्यांनी पाहून ठेवावा. मुळातून गळालेल्या केसाच्या एका टोकाला बहुतेक वेळा बारीक पांढरट गाठ दिसते. माझ्या हातात होते ते बोटभर लांबीचे, गाठ नसलेले. म्हणजे केस मधेच मोडत होते. तोवर पंधरावा दिवस उजाडला होता. 'ब्रश परत घ्या' असं मी पहिल्यांदा लिहिलं आणि उत्तर आलं की 14 दिवसांची मुदत काल संपली. वर मायाळूपणाने, वस्तू ठेवून घ्या, 20 टक्के रक्कम परत देतो. मी हो म्हटलं. नाइलाजाने दिलेला तो होकारही पुढे माझ्याच अंगाशी आला.

माझा मावसभाऊ विजेच्या उपकरणांची दुरुस्ती करतो. तो घरी आला असताना मी सहज ब्रश चालू केला. आवाज ऐकूनच तो म्हणाला, "ताई, आधी खाली ठेव ते. वायर बघ किती तापलीय."

त्याने प्लग आणि सॉकेटच्या मधे लावायचं वीज मोजणीचं यंत्र आणलं. ब्रशवर 1200 वॅट छापलं होतं. यंत्रावर 600 च्याही खाली आकडा, आणि बटण कमी ठेवा की जास्त, तोच. मी म्हटलं, "मग निदान कमीच तापत असेल ना?" त्याने मान हलवली. ते त्याने मला समजावलं तसं सांगते, कारण सगळी मेख तिथे आहे. केसांना लागणारी उष्णता नुसत्या वॅटवर ठरत नाही, तारेवरून किती हवा वाहते यावर ठरते. चांगल्या ब्रशमध्ये पंखा जोरात हवा ढकलतो, तार सतत निवत राहते, आणि उष्णता भरपूर हवेत वाटली जाते. पंखा मरतुकडा असेल, तर थोडीशी हवा भलती तापते आणि ब्रशचं डोकंही तव्यासारखं तापतं. म्हणजे केस वाळवायला हवा पुरत नाही, पण जाळायला उष्णता पुरून उरते. 'वाळतही नाही आणि जळतंय' हे मी पहिल्या दिवशी जे पाहिलं, त्याचा अर्थ एवढाच होता.

मग त्याने स्क्रू काढले. अशा उपकरणात उष्णतेवर दोन पहारे असतात. एक थर्मोस्टॅट, म्हणजे दोन धातूंची पट्टी, जी जास्त तापली की वाकून वीज तोडते आणि निवली की पुन्हा जोडते. दुसरा थर्मल फ्यूज, जो एकदा उडाला की उडालाच. पट्टी अडकली तर आग लागू नये म्हणून तो असतो. माझ्या ब्रशमध्ये पट्टी होती. फ्यूजच्या जागी मात्र साधा तारेचा तुकडा डाग देऊन बसवला होता. तो भाऊ एरवी फार बडबड्या, पण ते पाहून काही क्षण गप्पच बसला. आणि ज्याचं इतकं कौतुक छापलं होतं ते आयनवालं तंत्र, म्हणजे हवेत विद्युतभारित कण सोडून केस गुळगुळीत करायची सोय? एक निळा दिवा. त्यामागे फक्त दिव्याच्या दोन तारा.

मी मूळ कंपनीला अनुक्रमांक लिहून पाठवला. त्यांनी लेखी कळवलं की ही वस्तू आमची नाही. तोच अनुक्रमांक मला त्या विक्रेत्याच्या पानावर दुसऱ्या एका बाईंच्या फोटोतही दिसला. दोघींच्या ब्रशचा क्रमांक एकच!

मग ती जाहिरात पुन्हा, संथ गतीने पाहिली. ब्रश फिरवण्याआधी भांग डावीकडे, नंतर उजवीकडे. म्हणजे मधे कापलंय आणि केस दुसरीकडे वाळवून आणलेत. आणि शेवटच्या दृश्यात, मुलीच्या मागच्या टेबलावर, ब्रशचा प्लग मोकळा पडलेला. बंद ब्रश ती तयार केसांवरून फिरवत होती. मला हसू आलं असतं, पण सहाव्या दिवशी मीही जवळजवळ तेच केलं होतं.

बँकेकडे कार्डाच्या व्यवहाराबद्दल तक्रार केली. काही दिवसांनी विक्रेत्याचं उत्तर बँकेने मला दाखवलं, आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. त्यात माझे चॅट होते. 'माझं काय चुकतंय?', 'बट किती पातळ घेऊ?', 'धन्यवाद, आता करून बघते.' खाली त्यांची टीप: ग्राहकाने वापराबद्दल मार्गदर्शन मागितलं, मुदतीत दोषाची तक्रार केलेली नाही. जोडीला 20 टक्के स्वीकारल्याची नोंद. आणि पुरावा म्हणून माझा पाठमोरा फोटो, पाच स्टारांसह.

ते दोन आठवडे मला कुणी शिकवत नव्हतं. मुदत संपेपर्यंत मला विद्यार्थिनी करून बसवलं होतं, आणि प्रत्येक प्रश्नागणिक मी त्यांच्या बाजूचा कागद लिहून देत होते. म्हणून सांगते, अशी वस्तू बिघडल्यासारखी वाटली तर पहिल्याच दिवशी 'वस्तू सदोष आहे, परत घ्या' असं सरळ लिहा. 'मला जमत नाहीये' असं लिहूच नका, मनात तसं वाटत असलं तरी. आणि केसांना लावण्याआधी ब्रश नुसता चालू करून बघा. दोन वेगांच्या आवाजात फरक हवा. पातळ कागद ब्रशच्या डोक्याच्या सगळ्या बाजूंनी धरला तर सगळीकडे फडफडायला हवा. थंड हवेवर मिनिट-दोन मिनिटांत हवा खरंच थंड व्हायला हवी. वायर आणि प्लग गरम होता कामा नये. हे पाहायला पाच मिनिटं लागतात, आणि मुदतीचा एकही दिवस खर्च होत नाही.

पहिला दावा फेटाळला गेला. दुसऱ्यांदा मूळ कंपनीचं पत्र, मोजणीच्या यंत्राचा फोटो आणि उघडलेल्या ब्रशचे फोटो जोडले, आणि कारण 'वस्तू बनावट' असं लिहिलं. उरलेली रक्कम परत आली. बनावटीच्या दाव्यात मूळ कंपनीचं पत्र सगळ्यात जड पडतं, असं बँकेतल्या बाईंनी सांगितलं. हे आधीच कुणी सांगितलं असतं तर एक फेरा वाचला असता. भावाने ब्रशची वायर मुळाशी कापून टाकली, म्हणजे चुकूनही कुणी तो लावू नये. केस मी हनुवटीपर्यंत कापून घेतले, मोडलेले वाढायला वेळ लागेल.

राहिला तो रिव्ह्यू. मी तो बदलून 1 स्टार केला आणि सगळं लिहिलं. दोन दिवसांनी मजकूर गायब, फोटो आणि पाच स्टार जागच्या जागी. पुन्हा बदलायला गेले तर खातंच उघडेना. त्याखाली एका अनोळखी मुलीने विचारलंय, 'ताई, माझेही केस तुमच्यासारखेच दाट आहेत, घेऊ का?' मला तिथे उत्तर देता येत नाही. म्हणून इथे देते. निळा टीशर्ट, खांद्याखाली चार बोटं केस, टोकं आत वळलेली. ते केस माझ्या जुन्या ड्रायरने वाळवलेले आहेत.