नकारपत्रातला ‘हेर’

जर्मनीतल्या एका सरकारी विद्यापीठाचं नकारपत्र मला व्हॉट्सॲपवर आलं, तेव्हा मी साइटवर स्लॅबची मापं घेत होते. पत्राची सुरुवात ‘झेअर गेएर्टर हेर’ आणि पुढे माझं आडनाव. जर्मन भाषेच्या ए-वन, म्हणजे सगळ्यात खालच्या पातळीच्या वर्गात पहिल्याच महिन्यात शिकवतात की पुरुषाला हेर, बाईला फ्राउ. मी थबकले. मग स्वतःचीच समजूत घातली, की आपल्या नावावरून त्यांना काय कळणार बाई की बुवा! हेरगिरी खरं तर तिथेच सुरू करायला हवी होती. मी ती केली तीन महिन्यांनी. तोवर तीन लाख चौतीस हजार गेले होते.

मी सिव्हिल इंजिनिअर. सात वर्षं पुण्यात बिल्डरकडे बिलिंगचं काम केलं. एक्सेलमध्ये रमायचे, म्हणून वाटलं डेटा सायन्सकडे वळावं. जर्मनीत सरकारी विद्यापीठांना बहुतेक ठिकाणी शिक्षण फी नसते, हे ऐकून होते. जानेवारी २०२५ मध्ये परदेशी प्रवेशाची कामं करणाऱ्या एका कन्सल्टन्सीत गेले. भिंतीवर व्हिसा हातात धरलेल्या पोरांचे फोटो, टेबलावर छोटा जर्मन झेंडा. तिथल्या सरांनी मार्कशीट वरवर चाळली आणि म्हणाले, “ताई, प्रोफाइल एकदम स्ट्राँग आहे. आठ ठिकाणी टाकू, तीन तरी नक्की.”

खरा माणूस असता तर त्याने तिथेच सांगितलं असतं, की तिकडचे बरेचसे मास्टर्स ‘कॉन्झेकुटिव्ह’ असतात, म्हणजे पदवीच्याच विषयाला जोडून पुढे जाणारे. प्रवेशाच्या अटींत गणिताचे इतके क्रेडिट, संगणकशास्त्राचे इतके, असं सरळ लिहिलेलं असतं. माझ्या सिव्हिलच्या मार्कशीटमध्ये गणित जेमतेम निघतं आणि संगणक म्हणजे पहिल्या वर्षाचा एक पेपर. नोकरीचा अनुभव असलेल्यांसाठी वेगळे मास्टर्स असतात, पण त्यांना सरकारी विद्यापीठातही फी पडते. क्षेत्र बदलणाऱ्यासाठी हा सगळ्यात मोठा अडसर. तो मला कळला फसल्यावर, डाआड (DAAD) या जर्मन शैक्षणिक संस्थेच्या वेबसाइटवर, एका रविवारी, फुकट.

पॅकेज सत्तर हजार. वर आठ अर्जांची ‘युनिव्हर्सिटी फी’ चौसष्ट हजार, तीही रोख, “जीएसटी वाचेल” म्हणून. पावती मागायची लाज वाटली, हे कबूल करते. आठही अर्ज युनि-असिस्टमधून, म्हणजे विद्यापीठांसाठी परदेशी अर्ज तपासणाऱ्या जर्मन संस्थेमार्फत, गेले असं धरलं, तरी पहिल्याचे ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाचे ३०, असे २८५ युरो होतात. तेव्हाच्या दराने रुपयांत तीस हजारांच्या आत.

पण खरी गोम ई-मेलमध्ये होती. त्यांनी माझ्या नावाने नवा जीमेल काढला आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवला. “फाइल ट्रॅक करायला सोपं जातं, ताई.” म्हणजे विद्यापीठ मला काय म्हणतंय, हे मला फक्त त्यांच्या तोंडून कळणार. एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे आपली पदवीची कागदपत्रं खरी असल्याचा जर्मनीसाठीचा दाखला, तेवढं मी स्वतः काढलं, अठरा हजार भरून. त्याचा मेल माझ्या जुन्या पत्त्यावर आला, आणि तेवढंच एक काम सरळ झालं.

हिवाळी सत्राची मुदत बऱ्याच ठिकाणी १५ जुलैला संपते. ऑगस्टमध्ये आठवड्याभरात आठ नकार आले, सगळे पीडीएफ. रडू आलं. दुसऱ्या दिवशी सरांचा फोन, “एका खासगी युनिव्हर्सिटीत सीट धरून ठेवलीय, पण शुक्रवारपर्यंतच.” दोन हजार युरो डिपॉझिट. आईने एफडी मोडली. सरकारी विद्यापीठं एजंटला कमिशन देत नाहीत, काही खासगी देतात. माझे आठ अर्ज नाकारले जाणं हाच त्यांचा धंदा होता, हे त्या आठवड्यात डोक्यात शिरलंच नाही.

नोव्हेंबरमध्ये ब्लॉक्ड अकाउंटसाठी, म्हणजे व्हिसाकरता वर्षभराचा खर्च आधीच भरून दाखवायच्या खात्यासाठी, ११,९०४ युरो जमवताना पुन्हा ती पत्रं काढली. आठांपैकी तीन विद्यापीठांना मी माझ्या मेलवरून साधं विचारलं, की पुढच्या वर्षी परत अर्ज करू का, जुना क्रमांक अमुक. दोन दिवसांत एकाचं उत्तर आलं: या क्रमांकाचा अर्ज आमच्याकडे नाही, तुमच्या नावाचाही नाही. उरलेल्या दोन्ही विद्यापीठांनीही तेच कळवलं. आठांच्या आठही पीडीएफमध्ये मी ‘हेर’च होते. एकच साचा, फक्त वरचं बोधचिन्ह बदललेलं.

ऑफिसात जाऊन भांडले. सर म्हणाले, “पोर्टलचा प्रॉब्लेम असेल.” पोलिसांत अर्ज दिला, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पॅकेजमधले चाळीस हजार परत आले. रोख दिलेल्याचा पुरावा नाही. खासगी विद्यापीठाचं डिपॉझिट व्हिसा नाकारला तरच परत मिळतं, हे करारात लिहिलं होतं. मी व्हिसाचा अर्जच केला नव्हता, त्यामुळे तेही बुडालं. मी गेले नाही. परत साइटवर आहे, आणि संध्याकाळी स्टॅटिस्टिक्स शिकतेय.

त्यांच्या इन्स्टाग्रामवर मात्र माझा फोटो अजून आहे, हातात ऑफर लेटर, वर ‘अभिनंदन’. खाली साताऱ्याच्या एका मुलीने विचारलं होतं, “ताई, यांचं काम कसं आहे?” मी उत्तर लिहिलं. दोन मिनिटांत ते उडालं आणि मला ब्लॉक केलं. बहिणीच्या फोनवरून त्या मुलीला शोधून मेसेज केला. तिने दुसऱ्या दिवशी पहिला हप्ता भरायचा होता.